झांकली मूठ

आमच्या घरांत माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. तींत वडिलांच्या वेळचीं बँकेचीं पुस्तकें अद्याप जपून ठेविलेलीं आहेत. त्यांचा आतां कोणास कांहीं उपयोग नाहीं; परंतु तीं रद्दींत घालण्यास हात धजत नाहीं. एकदां एका पावसाळी दुपारीं आम्हीं तीं सहज चाळावयास घेतलीं, आणि वडिलांनीं तोंडानें जें कधींही सांगितलें नव्हतें तें त्या पिवळ्या पानांनीं आम्हांस सांगितलें. ज्या वर्षीं आम्ही शिक्षणासाठीं पुण्यास राहिलों, त्या वर्षीं दर महिन्याच्या तीन तारखेस पंचाहत्तर रुपये काढल्याची नोंद होती. आणि ऑक्टोबर महिन्यांत ती रक्कम काढल्यावर शिल्लक उरली होती अकरा रुपये. त्या दिवाळीस आम्ही घरीं आलों तेव्हां फराळांत कांहींही उणें नव्हतें, हें आम्हांस पक्कें आठवतें. ते अकरा रुपये वडिलांनीं कोणास दाखविले नाहींत. झांकली मूठ सव्वा लाखाची, असें आपले वाडवडील म्हणत आले. आणि बँकेच्या ज्या कारकुनानें ते अकरा रुपये शाईनें लिहिले, त्यानेंही ती मूठ झांकलेलीच ठेविली.

बँकेचें पुस्तक हें माणसाचें एक प्रकारचें आत्मचरित्रच आहे, आणि तेंही असें कीं ज्यांत लेखकास एकही ओळ आपल्या सोयीनें लिहितां येत नाहीं. वडिलांच्या पुस्तकांत निदान 'रोख' एवढाच शब्द असे. ते रुपये पुढें कोठें गेले हें त्यांचें त्यांना ठाऊक. आतां चहाचे दहा रुपये देखील मोबाईलवरून जातात, आणि कोणास, केव्हां व किती हें सारें लिहिलें जातें. औषधाच्या दुकानाचें नांव त्यांत आहे, डॉक्टरांचें आहे, उसने घेणाऱ्या मेव्हण्याचें आहे आणि देवळांतल्या दानपेटीचेंही आहे. असें हें पुस्तक परक्याच्या हातीं द्यावें काय, द्यावें तर कोणत्या बोलीवर द्यावें, हा प्रश्न आम्हांस सुचला तो कोणत्याही ग्रंथांतून नव्हे. तो शेजारच्या अण्णांनीं आमच्या ओसरीवर आणून ठेविला.

आम्ही राहतों तो सोलापूरचा पूर्व भाग. येथें सकाळीं जाग येते ती मागांच्या खडखडाटानें. जुनी गिरणी १८७७ सालीं सुरू झाली, तिच्यामागून इतर गिरण्या आल्या आणि एकामागून एक बंदही पडल्या; त्यांचे भोंगे ऐकून शाळेस निघणारी आमची पिढी आतां म्हातारी झाली. परंतु घराघरांतून चालणारे यंत्रमाग अद्याप कापड विणीत आहेत. अण्णांचे असे चार माग आहेत, आणि त्यांवर टॉवेल निघतात. अण्णा घरांत तेलुगु बोलतात, गिऱ्हाइकाशीं मराठी, सुताच्या व्यापाऱ्याशीं कधीं कानडी तर कधीं हिंदी. चार भाषांत व्यवहार करणारा हा मनुष्य इंग्रजी अक्षरांपुढें मात्र थबकतो. म्हणून गेल्या श्रावणांतल्या एका रविवारीं ते मोबाईल हातांत धरून आमच्याकडे आले आणि म्हणाले, "मास्तर, जरा बघा कीं. दोन नवे माग घ्यावे म्हणून कर्जाला अर्ज केला होता. त्यांनीं हें कांहीतरी धाडलंय. तुम्ही वाचा आणि दाबा."

'वाचा आणि दाबा' हे शब्द ऐकून आम्ही मनांतल्या मनांत किंचित् ओशाळलों. कारण अशा प्रसंगीं स्वतः आम्हीं नुसतें दाबलें होतें, वाचलें नव्हतें. परंतु दुसऱ्याच्या वतीनें बटन दाबावयाचें म्हटलें कीं माणसास जबाबदारी आठवते. आम्हीं चष्मा पुसला आणि वाचावयास बसलों.

मजकूर फार नव्हता. कर्ज देणाऱ्या कंपनीस अण्णांच्या बँकखात्यांची माहिती हवी होती, आणि ती माहिती बँकेनें द्यावी ह्यासाठीं अण्णांची संमति हवी होती. ही संमति नेऊन पोंचविणारा तिसराच एक मध्यस्थ होता. त्यास इंग्रजींत अकाउंट ॲग्रिगेटर म्हणतात; आपण खातें-संकलक म्हणूं. रिझर्व्ह बँकेनें २०१६ च्या सप्टेंबर महिन्यांत अशा संकलकांविषयीं निर्देश काढले, आणि २०२१ च्या सप्टेंबरपासून देशांतल्या कांहीं मोठ्या बँका ह्या व्यवस्थेंत सामील झाल्या. अण्णांस ही व्यवस्था समजावून सांगतांना आम्हांस पोस्टमनाचा दाखला उपयोगी पडला. बँक ही पत्र लिहिणारी, कंपनी ही पत्र वाचणारी, आणि संकलक हा मधला पोस्टमन. पाकीट मोहोरबंद असतें; पोस्टमनास तें उघडून वाचतां येत नाहीं, आणि आपल्या घरीं साठवूनही ठेवतां येत नाहीं. तो गिऱ्हाइकाचा गुप्त शब्द किंवा पिन मागत नाहीं आणि पैशाची देवघेव करीत नाहीं. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, ज्याचें खातें आहे त्यानें 'ने' म्हटल्यावांचून त्यास पाकीट उचलतांच येत नाहीं.

"पूर्वीं ह्यापेक्षां सोपें होतें," अण्णा म्हणाले. "पासबुकाच्या झेरॉक्स काढायच्या आणि द्यायच्या."

सोपें होतें खरें. परंतु त्या झेरॉक्स कोणाच्या टेबलावर किती दिवस पडत, त्यांच्या आणखी किती प्रती निघत, आणि शेवटीं त्यांत भजीं बांधलीं जात कीं काय, हें विचारण्याची सोय नव्हती. कागद एकदां हातांतून गेला कीं गेला. नव्या पद्धतीचा गुण असा कीं तींत संमतीस हातपाय आहेत. माहिती कोणास हवी, कोणत्या प्रकारची हवी, कशासाठीं हवी, संमति कोणत्या तारखेस दिली आणि कोणत्या तारखेस संपेल, हें तींत लिहावेंच लागतें. माहिती एकदांच न्यावयाची कीं पुन्हां पुन्हां, नेल्यावर ती किती दिवस ठेवावयाची, हेंही तींत नमूद असतें. एखादें भांडें शेजारीं देतांना आपल्या घरच्या बायका 'श्राद्धाचा स्वयंपाक झाला कीं परत द्या हो' असें सांगतात; तीच ही रीत, फक्त लेखी.

तें सारें वाचतांना आमच्या लक्षांत आलें कीं अण्णांकडे एक नव्हे, दोन विनंत्या आल्या होत्या. पहिली कर्जाची पात्रता तपासण्याकरितां : मागच्या बारा महिन्यांची माहिती, एकदांच. दुसरी खात्यावर देखरेख ठेवण्याकरितां : दर महिन्यास, तीन वर्षेंपर्यंत. दोन्हींखालीं बटन मात्र एकाच रंगाचें आणि एकाच आकाराचें. वाचल्यावांचून दाबणाऱ्यास दोहोंतला फरक कळणें शक्य नव्हतें. आणि दोन्हींत अण्णांचीं दोन्ही खातीं आपोआप खूण होऊन आलीं होतीं : मागांचें चालू खातें, आणि घरचें बचत खातें.

घरच्या खात्याचें नांव निघतांच अण्णांचा चेहरा उतरला. त्यांनीं मोबाईल आमच्या हातांतून हळूच काढून घेतला, दाराकडे पाहिलें, आणि आवाज खालीं आणून जें सांगितलें तें थोडक्यांत असें. त्यांची एक बहीण सासर सोडून परगांवीं राहते. थोरल्या भावानें तिचें नांव टाकलें आहे. घरांत तिचा विषय निघत नाहीं. अण्णा मात्र गेलीं सहा वर्षें तिला दर महिन्यास दोन हजार रुपये पाठवितात. वहिनींस तें ठाऊक आहे. आणखी कोणासही नाहीं. आणि घरच्या खात्यांत, दर महिन्याच्या एका ओळींत, त्या बहिणीचें नांव ठळक अक्षरांत आहे.

"कंपनीला कळलं तर कळूं द्या," अण्णा म्हणाले, "कंपनी कुठं आमच्या घरीं जेवायला येती! पण त्या ऑफिसांत बसतो तो पोरगा आपल्याच गल्लींतला आहे, मास्तर."

वाचकांपैकीं जे मोठ्या शहरांत राहतात त्यांस कदाचित् ह्या वाक्याचें मर्म चटकन् ध्यानांत येणार नाहीं. 'त्रयस्थ पक्ष' हा शब्द कायद्याच्या पुस्तकांत फार दूरचा व निर्विकार वाटतो. आमच्या गांवांत त्रयस्थ पक्ष संध्याकाळीं पानाच्या ठेल्यावर भेटतो. तो मुलगा चांगला असेल, तोंडाचा घट्ट असेल; त्याच्या कंपनीचे नियमही कडक असतील, आणि अण्णांचा कागद त्याच्या टेबलावर येणारही नाहीं. परंतु अण्णांची भीति खोटी होती असें म्हणण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. कारण ह्याच भीतीच्या पोटीं सबंध एक कायदा जन्मास आला आहे.

ती गोष्ट इंग्लंडांतली आहे. तेथील एका बँकेच्या टूर्निए नांवाच्या खातेदाराच्या खात्यावर नऊ पौंडांच्या आसपास बाकी निघत होती. तो ती हप्त्यांनीं फेडणार होता, हप्ते चुकले. तेव्हां त्याचा पत्ता विचारण्याच्या निमित्तानें बँकेच्या व्यवस्थापकानें त्याच्या मालकांकडे टेलिफोन केला, आणि बोलतां बोलतां त्याची बाकी थकल्याचें व तो शर्यतींवर पैसे लावीत असावा असें सांगून टाकलें. मालकांनीं त्याची नोकरी पुढें चालू ठेविली नाहीं. १९२३ सालीं अपील कोर्टानें ह्या खटल्यांत निर्णय दिला कीं खातेदाराची माहिती गुप्त ठेवणें हा बँकेचा कायदेशीर बंधनाचा भाग आहे, आणि त्यास चारच अपवाद आहेत : कायद्याची सक्ति, सार्वजनिक कर्तव्य, बँकेचें स्वतःचें हित, आणि खातेदाराची संमति. आपल्या देशांतही बँका हेंच तत्त्व मानीत आल्या. स्टेट बँकेच्या १९५५ च्या कायद्यांत तर गुप्ततेच्या बंधनाचें कलमच आहे. पुढें २०१७ च्या ऑगस्टांत सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानें खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचें एकमतानें सांगितलें.

टूर्निएच्या मालकास गेलेला तो एक टेलिफोन आम्हांस फार जवळचा वाटतो. कारण त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनीं आपल्याकडे मोबाईलवरून कर्ज देणारीं कांहीं ॲपें निघालीं, तीं कर्जदाराच्या फोनमधली सगळी नांवांची यादीच उचलून नेत, आणि हप्ता चुकला कीं त्याच्या मामास, मास्तरास आणि शेजाऱ्यास फोन करीत. त्या यादीसाठीं देखील कर्जदारानें 'संमति' दिलेलीच असे! २०२२ च्या सप्टेंबर महिन्यांत रिझर्व्ह बँकेनें कर्जाच्या ॲपांना फोनमधील नांवांची यादी, कॉलांच्या नोंदी आणि फायली ह्यांस हात लावण्याची मनाई केली. म्हणजे कांहीं गोष्टी अशा आहेत कीं गरजू माणसानें 'घ्या' म्हटलें तरी त्या घेऊं नयेत, हें शेवटीं सांगावें लागलें.

असो. आम्ही ओसरीवर होतों तेथें परत जाऊं. संकलकाच्या पडद्यावर ज्या खात्याची माहिती द्यावयाची नसेल त्या खात्यावरची खूण काढतां येते. आम्हीं अण्णांस विचारून घरच्या खात्यावरची खूण काढली. पहिल्या विनंतीस चालू खात्यापुरती संमति दिली. दुसरी विनंती नाकारली, आणि कर्ज मंजूर झाल्यावर पाहूं असें ठरविलें. हें सर्व करावयास पाऊण तास लागला. तेवढ्यांत वहिनींनीं दोनदां चहा पाठविला, आणि दुसऱ्या चहाबरोबर 'झालं काय?' असा निरोपही पाठविला.

तीन आठवड्यांनीं कर्ज मंजूर झालें. परंतु मागितलेल्या रकमेच्या जवळजवळ निम्मेंच. घरच्या खात्याची माहिती नसल्यामुळें घरखर्चाचा अंदाज येत नाहीं, ती दिल्यास फेरविचार करूं, असें अण्णांस सांगण्यांत आलें. त्यांत कंपनीचें कांहीं चुकलें असें आम्हांस म्हणतां येत नाहीं. ज्यानें पैसे द्यावयाचे त्यानें चार गोष्टी विचाराव्या हें रास्तच आहे. मराठींत 'पत' ह्या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत : बाजारांतला विश्वास, आणि समाजांतली अब्रू. पहिली पत वाढवावयाची तर मूठ उघडावी लागते, आणि दुसरी राखावयाची तर ती मिटावी लागते. अण्णांनीं एक रात्र विचार केला. सकाळीं दूध घ्यावयास आम्ही एकत्रच उभे होतों तेव्हां ते म्हणाले, "एकच माग घेतों, मास्तर. एक माग कमी चालेल. बहिणीचं नांव गल्लींत नको."

एका मागाची ही किंमत आम्हीं त्या दिवसापासून विसरलों नाहीं. २०२३ सालीं आपल्या संसदेनें वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. संमति ही स्वखुशीची, नेमक्या हेतूपुरती, समजून दिलेली, विनाअट आणि निःसंदिग्ध असली पाहिजे, असें त्यांत म्हटलें आहे. पांचही विशेषणें उत्तम आहेत. परंतु ज्यास सूत आणावयास उद्यां पैसे हवेत त्याची स्वखुशी आणि ज्याच्या तिजोरींत पैसे आहेत त्याची स्वखुशी ह्या एका तराजूंत कशा तोलाव्या, हें कोणतेंही विशेषण सांगूं शकत नाहीं. अण्णांस एक माग सोडून देणें परवडलें म्हणून बहिणीचें नांव झांकलें राहिलें. ज्यास तेंही परवडत नाहीं तो मूठ उघडतो, आणि त्यासही आपण संमतीच म्हणतों.

मग ह्या लेखी संमतीचा उपयोग काय, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर आम्हांस आमच्याच घरांत सांपडलें. अण्णांचें काम करून आम्ही घरांत आलों आणि आपलाही हिशेब एकदां पाहावा म्हणून स्वतःचा मोबाईल उघडला. आपण कोणकोणास संमति दिली आणि त्यांतून माहिती कोणाकडे गेली, ह्याची नोंद संकलकाकडे खातेदारास पाहावयास मिळते. मात्र ज्या संकलकामार्फत संमति दिली असेल त्याच्याच वहींत ती सांपडते. आमच्या अशा दोन वह्या निघाल्या, आणि दुसरीची तर आम्हांस आठवणही नव्हती. दोहोंत मिळून चार संमत्या जिवंत होत्या. एक चिरंजीवांच्या शिक्षणाच्या कर्जाची. तें कर्ज फिटून वर्ष झालें होतें. एक विम्याची चौकशी करतांना दिलेली. तो विमा आम्हीं घेतलाच नाहीं. एक घरखर्चाचा हिशेब लावून देणाऱ्या ॲपाची. तें ॲप आम्हीं मोजून तीन दिवस वापरलें, आणि त्याची मुदत अजून दोन वर्षें बाकी होती. चौथी कशाची होती हें आम्हांस कितीही ताण दिला तरी आठवलें नाहीं. म्हणजे औषधाच्या दुकानांत आम्ही काय देतों आणि महिनाअखेर किती उरवितों, हें पाहण्याची मुभा आम्हीं चार ठिकाणीं देऊन ठेविली होती, आणि स्वतः विसरून गेलों होतों.

सौभाग्यवती मागें उभ्या राहून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "रात्रीं दाराला दोन कुलुपें लावतां, आणि किल्ल्या अशा गांवभर वाटून ठेवल्या होय?"

ह्यावर बोलण्यासारखें आमच्यापाशीं कांहीं नव्हतें. आम्हीं एकेक संमति उघडून 'रद्द' केली. प्रत्येकीस अर्धें मिनिट लागलें. देतांना तरी ह्याहून अधिक वेळ कोठें लागला होता! नव्या कायद्यांतही हेंच तत्त्व आहे : संमति देणें जितकें सोपें असेल तितकेंच ती परत घेणेंही सोपें असावें. त्या कायद्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरांत प्रसिद्ध झाले आणि टप्प्याटप्प्यानें अंमलांत आणावयाचें ठरलें. संमति मागणारी सूचना इंग्रजींत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचींतील बावीस भाषांपैकीं कोणत्याही भाषेंत वाचण्याची सोय असली पाहिजे असेंही त्यांत आहे. मराठी, कानडी, तेलुगु आणि उर्दू ह्या आमच्या गांवच्या चारही भाषा त्या बाविसांत येतात. अण्णांच्या मोबाईलवर ती सूचना तेलुगूंत आली असती तर त्यांस आमच्या ओसरीवर येऊन घरचें गुपित फोडावें लागलें नसतें, हा विचार त्या दिवसापासून आमच्या मनांत आहे. कारण त्या व्यवहारांत अण्णांचें गुपित ज्या पहिल्या त्रयस्थास कळलें तो आम्हीच होतों.

संमति रद्द केल्यानें सर्व कांहीं निस्तरलें अशा भ्रमांत मात्र कोणी राहूं नये. रद्द केल्यानें पुढचें पाकीट जाणें थांबतें. मागें गेलेलीं पाकिटें उडून परत येत नाहींत. हेतु संपल्यावर माहिती पुसून टाकावी असें कायदा सांगतो. परंतु कायद्यानेंच ठेवावयास लाविलेले हिशेब राहतात, आणि ज्यानें एकदां वाचलें त्याच्या मनांतून तें पुसणारें बटन अद्याप निघालेलें नाहीं. म्हणूनच देण्यापूर्वींची पाऊण तासाची कुरकूर हीच खरी राखण होय. आणि दिल्यानंतर, जसें आपण वर्षाकाठीं दसऱ्यास पेटींतलीं कागदपत्रें उन्हांत घालून वाळवी लागली आहे काय तें पाहतों, तसें ह्या वह्या उघडून पाहाव्या. ज्या संमतीचें काम झालें ती मिटावी. जिचें काम चालू आहे तिची मुदत डोळ्यांखालून घालावी. मूठ कधींच उघडूं नये असें म्हणून संसार चालत नाहीं. डॉक्टरांपुढें ती उघडावी लागते, वकिलापुढें उघडावी लागते, आणि सावकारापुढें तर लागतेच. ती किती बोटांनीं उघडली आणि काम झाल्यावर पुन्हां मिटतां आली कीं नाहीं, एवढेंच आपल्या हातीं असतें. तेवढें तरी आपल्या हातीं आहे हें मात्र नवें आहे, आणि आमच्या वडिलांस तें लाभलें नव्हतें. त्यांस कारकुनाच्या भलेपणावर विसंबावें लागलें.

दुसरी संमति, म्हणजे देखरेखीची, अण्णांनीं पुढें कर्ज मिळतेवेळीं दिली. पण चालू खात्यापुरती आणि कर्जाच्या मुदतीइतकीच. तिची शेवटची तारीख त्यांनीं मागघरांतल्या कॅलेंडरच्या मागें पेन्सिलीनें लिहून ठेविली आहे. पांचवा माग चालू झाला आहे, आणि भिंतीपलीकडून त्याचा आवाज आतां आम्हांस वेगळा ओळखतां येतो.

हा लेख छापावयास देण्यापूर्वीं आम्ही तो घेऊन अण्णांकडे गेलों आणि सबंध वाचून दाखविला. ओळख पटेल अशा कांहीं गोष्टी आम्हीं आधींच बदलल्या होत्या. आणखी दोन त्यांनीं बदलावयास सांगितल्या. मग त्यांनीं विचारलें, "हें कोण कोण वाचणार?" आम्हीं सांगितलें. "कशासाठीं लिहिलंय?" तेंही सांगितलें. "आणि छापल्यावर परत घेतां येतं काय?"

"नाहीं," आम्हीं म्हटलें.

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनीं बहिणीविषयींच्या मजकुरांतलें एक वाक्य पुन्हां वाचावयास लाविलें, आणि तेवढें काढा असें म्हणाले. तें वाक्य आम्हीं काढलें आहे.